विश्लेषण : दोन बोटांची गिटार इतकी बोलकी कशी झाली? काय आहे जँगो राइनहार्टची कहाणी?

गिटार शिकायला बसलेल्या प्रत्येकाला सुरुवातीलाच एक गोष्ट घोकायला लावतात. डाव्या हाताची चार बोटे, दांडीवरचे चार फ्रेट आणि प्रत्येक बोटाला त्याचा त्याचा फ्रेट. जँगो राइनहार्टकडे त्यातली दोनच बोटे धड होती. उरलेली दोन वयाच्या अठराव्या वर्षी आगीत भाजून कायमची आखडली होती. तरीही युरोपात घडलेला पहिला मोठा जॅझ वादक म्हणून त्याचेच नाव घेतले जाते. तो १९५३ मध्ये, वयाच्या अवघ्या ४३ व्या वर्षी गेला. गिटारमध्ये भाव ओतणे म्हणजे नेमके काय करणे, हा प्रश्न आजही निघतो तेव्हा चर्चा फिरून त्याच्या दोन बोटांपाशी येते.

गिटारमध्ये भाव आणणे अवघड का?

गाणाऱ्याला एखादा स्वर लावून तो हळूहळू फुलवता येतो. बासरीवाला फुंकरीने आणि व्हायोलिनवाला गजाने तेच करतो. गिटारचे तसे नाही. तार छेडली की त्या क्षणापासून आवाज विरायला लागतो आणि वादकाला तो पुन्हा फुगवता येत नाही. विजेवरच्या गिटारमध्ये ध्वनिवर्धकाच्या मदतीने स्वर लांबवता येतो, पण १९३० च्या दशकातल्या लाकडी गिटारला ती सोय नव्हती.

मग वादकाच्या हाती उरते काय? तार किती जोरात छेडली आणि कुठे छेडली, हे एक. घोडीजवळ छेडली तर आवाज टोकदार येतो, दांडीकडे सरकले की तोच गोल होतो. दाबलेली तार बोटाखाली किती थरथरवली, सतारीवर मींड घेतात तशी किती खेचली, एका स्वरावरून दुसऱ्यावर उडी मारली की घसरत गेले, यानेही फरक पडतो. आणि कुठे काहीच वाजवले नाही, यानेही. एवढ्याच गोष्टी. बाकी ‘मनापासून वाजवतो’ वगैरे जे म्हटले जाते, ते शेवटी यातल्याच कशात तरी ऐकू येते.

नुसता वेग दाखवणारे वादक तेव्हाही होते. आज मोबाइलवरच्या अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितींत तर त्यांचाच सुकाळ आहे. जँगोही वेगवान होता, चांगलाच वेगवान. पण एखादी तान संपवताना शेवटच्या स्वराला तो जे काही करतो, तिथे कान थांबतो. तो स्वर कधी कंप पावतो, कधी किंचित वर खेचला जातो, कधी मध्येच तोडला जातो. माणूस बोलता बोलता आवाज बदलतो, तसे ते आहे.

जँगो नेमका कुठला?

त्याचे कागदोपत्री नाव जाँ राइनहार्ट. जन्म २३ जानेवारी १९१०, बेल्जियममधल्या लिबर्शी या गावी. तेही गावात घर होते म्हणून नव्हे, तर कुटुंबाच्या घोडागाडीचा मुक्काम हिवाळ्यात तिथे पडला होता म्हणून. ‘जँगो’ हे घरातले नाव, त्याचा अर्थ ‘मी जागा होतो’ असा सांगितला जातो. युरोपात ज्यांना जिप्सी म्हटले जाते (हा शब्द त्यांच्यातल्या अनेकांना आवडत नाही) त्या रोमा समाजातली मानुश नावाची एक शाखा फ्रान्स आणि आसपासच्या प्रदेशात राहते. राइनहार्ट कुटुंब त्या शाखेतले.

मराठी वाचकाला ‘मानुश’ हा शब्द ओळखीचा वाटला तर नवल नाही. रोमा लोकांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतीय उपखंडातून पश्चिमेकडे गेले, हे त्यांच्या भाषेवरूनच आधी लक्षात आले. ती भाषा मराठी-हिंदीच्याच कुळातली. त्यांच्याकडे पाण्याला ‘पानी’, कानाला ‘कान’ म्हणतात, आणि ‘मानुश’ म्हणजे माणूस. जँगोच्या संगीतात मात्र भारतीय रागदारी शोधायला जाऊ नये. त्याच्या कानावर पडले ते पॅरिसच्या नाचघरांतले अकॉर्डियन, रोमा वादकांचे व्हायोलिन आणि पुढे अमेरिकेतून आलेला जॅझ.

कुटुंब भटकत भटकत पॅरिसच्या वेशीवरच्या मोकळ्या पट्ट्यात येऊन राहिले. जुन्या तटबंदीबाहेरची ती जागा म्हणजे चिखल, पत्र्याच्या झोपड्या आणि गाड्यांचे तळ. शाळा जवळजवळ नाहीच. जँगोला मोठेपणीही लिहिता-वाचता येत नव्हते. सही करायला त्याला पुढे त्याचा व्हायोलिनवादक साथीदार स्टेफान ग्रापेली याने शिकवले. संगीताची लिपीही त्याला कधी वाचता आली नाही. तो आधी व्हायोलिन वाजवायचा. बारा वर्षांचा असताना शेजाऱ्याने त्याला एक बँजो-गिटार दिली, म्हणजे दांडी गिटारची आणि पोट बँजोचे. मोठ्यांची बोटे कशी फिरतात ते बघून पोरगा शिकला आणि वर्षा-दोन वर्षांत नाचघरांत पैसे मिळवू लागला.

या नाचघरांकडे जरा लक्ष द्यायला हवे, कारण जँगोचा हात घडला तो इथे. पुढे अकॉर्डियन, समोर पाय आपटत नाचणारी गर्दी, दारूच्या टेबलांवरचा गोंगाट, आणि मायक्रोफोन नाही. अशा ठिकाणी साथीची बँजो ऐकू यायची तर उजवा हात दणकट लागतो. जाड नखीने, मनगट उंच ठेवून, तारेवर असा घाव घालायचा की नखी पुढच्या तारेवर जाऊन टेकली पाहिजे. त्या घावातून येणारा आवाज मोठा असतो, शिवाय भरीवही असतो. मनगट मोकळे असल्यामुळे तोच हात हवा तेव्हा हळुवारही होतो. जँगोला ही सवय कोवळ्या वयात लागली.

१९२८ मध्ये त्याने पहिल्यांदा रेकॉर्डसाठी वाजवले, तेही अकॉर्डियनच्या साथीला बँजोवर. त्या रेकॉर्डवर त्याचे नाव भलत्याच स्पेलिंगने छापले गेले. स्वतःचे नाव लिहिता येत नसलेल्या मुलाला ते सांगणार कोण, आणि तो दुरुस्त करणार कसे! पण त्याची कीर्ती कागदावाचूनच पसरत होती. ब्रिटनचा नामांकित वाद्यवृंद संचालक जॅक हिल्टन याने त्याला ऐकले आणि आपल्या वाद्यवृंदात येण्याचे आमंत्रण दिले.

आगीच्या रात्री काय घडले?

ते आमंत्रण कामी आले नाही. १९२८ च्या अखेरीस एका रात्री जँगो कार्यक्रम संपवून उशिरा गाडीत परतला. त्याची पत्नी बेला विक्रीसाठी कृत्रिम फुले बनवायची, आणि ती फुले सेल्युलॉइडची होती. जुन्या चित्रपटांच्या फिती याच पदार्थाच्या असत. तो किती चटकन पेट घेतो हे तेव्हाच्या चित्रपटगृहवाल्यांना चांगले माहीत होते. लाकडी गाडी फुलांनी भरलेली होती आणि उजेडाला मेणबत्ती. फुलांत उंदराची खुडबुड ऐकू आली म्हणून जँगो मेणबत्ती घेऊन पाहायला गेला, असे सांगतात. मेणबत्ती पडली आणि क्षणात गाडी पेटली. त्याने घोंगडी डाव्या हाताने अंगाभोवती धरली आणि दोघे कसेबसे बाहेर पडले.

बेला तेव्हा गरोदर होती, ती थोडक्यात बचावली. जँगोचा डावा हात आणि एक पाय भयंकर भाजला होता. डॉक्टरांनी पाय कापायचा सल्ला दिला, त्याने साफ नकार दिला. पाय वाचला. डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी मात्र भाजलेल्या स्नायूंबरोबर आखडून आत वळली. पुढचे सुमारे दीड वर्ष अंथरुणात आणि उपचारांत गेले. गिटारवाल्यासाठी डावा हात म्हणजे तारा दाबायचा हात, म्हणजे सगळ्यांच्या लेखी विषय संपला होता. धाकटा भाऊ जोसेफ याने त्याला नवी गिटार आणून दिली, आणि जँगोने खाटेवरच पडल्या पडल्या पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

दोन बोटांनी वाजवायचे कसे?

चार बोटे असलेला वादक हात एका जागी ठेवून आडव्या दिशेने तारा बदलत जातो, कारण त्या चार फ्रेटांत त्याला जवळजवळ पूर्ण सप्तक सापडते. दोन बोटांना ते जमत नाही. त्यामुळे जँगोला तर्जनी आणि मध्यमेने एका तारेवर दोन स्वर घेऊन लगेच पुढे सरकावे लागे. त्याचा हात दांडीवर तिरपा आणि लांबवर धावतो. कधी एकाच तारेवरून एकच बोट खालून वरपर्यंत सरसरत जाते आणि मधले सगळे अर्धस्वर मोत्यांसारखे ओघळतात. आखडलेली बोटे अगदीच निकामी नव्हती. स्वरमेळ वाजवताना खालच्या दोन बारीक तारांवर तो ती कशीबशी टेकवायचा, आणि सहाव्या जाड तारेसाठी अंगठा दांडीवरून वळवून आणायचा. त्यामुळे त्याचे स्वरमेळ पुस्तकी आकाराचे नसत, त्यांत स्वर कमी आणि पोकळी जास्त असे.

या मजबुरीचा एक परिणाम थेट भावाशी जाऊन भिडतो. एका जागी बसून चार बोटांनी वाजवलेले स्वर सुटे-सुटे, एकसारखे पडू शकतात. जो हात सतत सरकतो आहे, त्याच्या स्वरांत घसरणे, खेचणे, ओढून घेणे आपोआप येते. शिवाय दोनच बोटे, पण ती फार बळकट झाली. तर्जनी किंवा मध्यमा तारेवर रोवून तो मनगटासकट कंप द्यायचा. हा कंप जलद आणि रुंद असे, जवळपास व्हायोलिनसारखा. सरावलेल्या कानाला तेवढ्या एका स्वरावरून वादक ओळखता येतो.

पण इथेच एक गैरसमज पसरला आहे आणि तो बाजूला ठेवायला हवा. आग लागली म्हणून जँगो थोर झाला, असे अनेकदा रंगवून सांगितले जाते. दुःखाने कलावंत घडतो ही कल्पना ऐकायला बरी वाटते. प्रत्यक्षात हिल्टनसारख्या माणसाने त्याला हेरले ते आगीच्या आधी, चारही बोटे शाबूत असताना. त्याचा कान, तालाची पकड आणि नाचघरांत कमावलेला उजवा हात यांतले काहीही त्या गाडीत जळले नाही. स्वराचा जोर, पोत, हळुवारपणा हे सगळे उजव्या हाताचे काम असते, आणि तो हात धडधाकट होता. डाव्या हाताने काय गमावले याची चर्चा फार होते. उजव्याने काय राखले याची होत नाही.

ज्यांना हे डोळ्यांनी पाहायचे आहे त्यांच्यासाठी एक चित्रफीत शिल्लक आहे. १९३८ च्या सुमारास ब्रिटिश प्रेक्षकांसाठी केलेल्या ‘जॅझ हॉट’ या लघुपटात जँगो आणि त्याचे साथीदार एक फ्रेंच प्रेमगीत वाजवतात. आवाज आणि हालचाल दोन्ही जुळलेले त्याचे असे चित्रण फारच थोडे आहे. मोबाइलवर सहज सापडते. ते पहिल्यांदा आवाज बंद करून पाहावे. वळलेली दोन बोटे बाजूला दिसतात, दोन बोटे दांडीवर पळतात, आणि जँगोच्या चेहऱ्यावर कसरतीचा मागमूसही नाही. मग आवाज लावून पाहावे.

पाच तंतुवाद्यांचा जॅझ कसा जमला?

आगीतून उठल्यानंतर जँगो भावाबरोबर दक्षिण फ्रान्समध्ये गिटार वाजवत फिरत होता. १९३१ मध्ये तुलाँ शहरात एमिल साव्हित्री नावाच्या चित्रकाराने या दोघांना ऐकले आणि आपल्या खोलीवर नेऊन अमेरिकेच्या जॅझ रेकॉर्ड ऐकवल्या. त्यांत लुई आर्मस्ट्राँग होता. आर्मस्ट्राँगचा ट्रम्पेट ऐकून जँगो ढसाढसा रडला, असे त्याचे चरित्रकार सांगतात. त्या रेकॉर्डमध्ये एकटा माणूस वाद्यातून ठरलेली चाल मोडून, स्वर मागेपुढे खेचून, आयत्या वेळी आपले म्हणणे मांडत होता. जँगोला आपले काम काय आहे ते तिथे कळले.

१९३४ मध्ये पॅरिसच्या क्लॅरिज हॉटेलात लुई व्होला याचा वाद्यवृंद वाजवत असे. जँगो आणि ग्रापेली दोघेही त्यात होते. मधल्या सुट्टीत पडद्यामागे दोघे सहज वाजवायला बसले, जोसेफ आणि रॉजे शापू हे गिटारवाले साथीला आले, व्होलाने डबल बास धरला. पाहता पाहता पंचक तयार झाले. पॅरिसच्या जॅझप्रेमींची ‘हॉट क्लब द फ्रान्स’ ही संस्था तेव्हा नवीच होती, तिचे नाव या पंचकाला मिळाले. डिसेंबर १९३४ मध्ये त्यांच्या पहिल्या रेकॉर्ड निघाल्या.

जॅझ म्हटले की ड्रम, ट्रम्पेट, सॅक्सोफोन हे समीकरण तेव्हा पक्के होते. इथे त्यातले काहीच नव्हते. तीन गिटार, एक व्हायोलिन, एक बास. ठेका धरायचे काम मागच्या दोन गिटारांचे. त्या वाजवण्याला फ्रेंचमध्ये ‘पंप’ म्हणतात, कारण हातपंप मारल्यासारखी ती वर-खाली चालते. या चौघांच्या आवाजावर एकट्या गिटारने उठून दिसायचे, तेही विजेविना, हे सोपे नव्हते. त्याला मदत झाली ती पॅरिसच्या सेल्मर कंपनीच्या गिटारची. मारियो माकाफेरी या इटालियन कारागीर-वादकाच्या आराखड्यावरून १९३२ मध्ये आलेली ही गिटार कणखर, थोड्या नाकातल्या आवाजाची. शेजारच्या वाद्यांना चिरून तो आवाज पुढे येतो. जँगोने तिला अखेरपर्यंत धरून ठेवले.

ग्रापेली नीटनेटका, वक्तशीर. जँगो त्याच्या बरोबर उलट. हाती पैसा आला की जुगारात, बिलियर्डच्या टेबलावर उडवायचा. कार्यक्रम सोडून मित्रांबरोबर गाड्यांच्या तळावर निघून जायचा आणि आयोजक कपाळाला हात लावून बसायचे. दोघांचे खटके उडत. पण रेकॉर्डमध्ये दोघे एकमेकांचे वाक्य पुरे करतात. ‘मायनर स्विंग’ ही त्यांची १९३७ ची रचना याचा नमुना म्हणून ऐकता येईल. दोन-तीन स्वरमेळांची साधी चौकट, तिच्यात जँगो एक छोटी आकृती वाजवतो, ती थोडी बदलून परत आणतो, मग एकाएकी धावतो. त्याच वर्षी त्याने कोणत्याही साथीशिवाय एकट्याने केलेले एक वादनही रेकॉर्ड झाले. त्यात ठेका नाही, नाच नाही. लय थांबते, पुन्हा चालू लागते. अमेरिकेचा सॅक्सोफोनवादक कोलमन हॉकिन्स आणि बेनी कार्टर यांच्यासारखे दिग्गज १९३७ मध्ये पॅरिसला आले तेव्हा त्यांच्या रेकॉर्डवर गिटारच्या खुर्चीत जँगोच होता.

नाझींच्या पॅरिसमध्ये तो वाचला कसा?

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटले तेव्हा पंचक इंग्लंडमध्ये होते. ग्रापेली तिथेच राहिला. जँगो सामान मागे टाकून पॅरिसला परतला. हा निर्णय किती धोक्याचा होता हे पुढे कळले. फ्रान्सने एप्रिल १९४० मध्येच भटक्यांच्या फिरण्यावर बंदी घातली होती. नंतर फ्रान्सभरच्या छावण्यांत सहा हजारांहून अधिक भटके, बहुतेक रोमा, डांबले गेले. नाझींनी युरोपभर मारलेल्या रोमांचा आकडा काही लाखांचा आहे. वंशाने मानुश, व्यवसायाने जॅझ वादक, म्हणजे नाझींच्या नजरेत जँगो दोनदा गुन्हेगार.

तरीही त्याच वर्षांत तो कधी नव्हे इतका प्रसिद्ध झाला. रजेवर आलेल्या जर्मन सैनिकांना पॅरिसची रात्र रंगीत हवी होती, आणि काही जर्मन अधिकारी जॅझचे चोरून चाहते होते. फ्रेंच तरुणांसाठी स्विंग ऐकणे हीच एक छोटी बंडखोरी होती. व्हायोलिनच्या जागी जँगोने क्लॅरिनेट आणले, ह्युबर्ट रोस्तँ हा तरुण वादक घेतला आणि १९४० च्या अखेरीस ‘न्वाज’ ही स्वतःची रचना रेकॉर्ड केली. न्वाज म्हणजे ढग. धून संथ आहे, पायरी पायरीने खाली उतरत येणारी. तिला तेव्हा शब्द नव्हते. जिथे उघड बोलायची सोय नव्हती, त्या पॅरिसने ती आपली मानली आणि पुढे ती त्या काळाची खूणच ठरली. गिटार इथे फार कमी स्वरांत बोलते. एका-एका स्वराला थांबू देते, विरू देते, आणि पुढचा स्वर तो विरल्यावर येतो.

प्रसिद्धी हे त्याचे चिलखत होते, पण त्यावर भरवसा नव्हता. बर्लिनला येऊन वाजवण्यासाठी दबाव वाढू लागला, तेव्हा १९४३ मध्ये त्याने स्वित्झर्लंडला पळायचा प्रयत्न केला. सोबत त्याची दुसरी पत्नी नागिन होती, आणि तिला दिवस गेले होते. सीमेजवळ तो पकडला गेला. चौकशीला बसलेला जर्मन अधिकारी नेमका त्याच्या रेकॉर्डचा चाहता निघाला, म्हणून सुटला. दुसऱ्यांदा प्रयत्न केला तर स्विस बाजूनेच परत धाडले. मग तो निमूटपणे पॅरिसला आला आणि वाजवत राहिला. पुढच्या वर्षी मुलगा झाला, बाबिक. तोही मोठेपणी गिटारवादक झाला. ज्या समाजातली इतकी माणसे त्या वर्षांत छावण्यांत गेली, त्याच समाजातला हा माणूस रोज रात्री गणवेशधारी जर्मनांसमोर वाजवत होता. हे कुणाला खुपले तर चूक म्हणता येणार नाही. पण नकार देण्याचा अर्थ काय झाला असता, हेही विसरता येत नाही.

युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये लंडनला ग्रापेलीची भेट झाली. दोघांनी मिळून फ्रान्सचे राष्ट्रगीत जॅझमध्ये वाजवले.

अमेरिकेत काय बिनसले?

१९४६ च्या शरदात ड्यूक एलिंग्टनने त्याला अमेरिका दौऱ्यावर बोलावले. जँगो गिटार न घेताच विमानात बसला. अमेरिकेच्या गिटार कंपन्या आपल्याला भेट द्यायला रांगेत उभ्या असतील, अशी त्याची समजूत होती. तसे कुणी उभे नव्हते. हाती आली ती विजेवरची अनोळखी गिटार. नोव्हेंबरमध्ये क्लीव्हलँडला दौरा सुरू झाला. एलिंग्टनच्या रचनांत त्याच्यासाठी जागाच लिहिलेली नव्हती. कार्यक्रमाच्या शेवटाकडे तो येऊन थोडे वाजवून जाई, बहुतेक वेळा लोक खूश होत. न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये दुसऱ्या रात्री मात्र तो फार उशिरा उगवला. वाटेत फ्रेंच मुष्टियोद्धा मार्सेल सर्दां भेटला होता आणि गप्पांत वेळेचे भान सुटले. समीक्षकांनी ते मनावर घेतले. फेब्रुवारी १९४७ मध्ये तो हिरमुसून फ्रान्सला परतला.

हाताखाली रोजचे वाद्य नसेल तर काय होते, याचे हे उदाहरण म्हणून पाहता येते. त्या कणखर लाकडी गिटारवर जो घाव आवाजाला धार देत होता, तोच विजेच्या गिटारवर ध्वनिवर्धकातून फुटका ऐकू येतो. उजव्या हाताचे पंचवीस वर्षांचे गणित बदलायला वेळ लागणार होता.

शेवटच्या वर्षांत काय बदलले?

तो वेळ त्याने घेतला. मधल्या काळात गिटार खुंटीला टांगून तो चित्रे काढायचा. १९५१ मध्ये तो फाँतेनब्लोजवळ सीन नदीकाठच्या साम्वा गावी राहायला गेला. गळ टाकून मासे पकडणे, गावच्या कॅफेत बिलियर्ड खेळणे आणि मनात आले तर पॅरिसला जाऊन तरुणांबरोबर वाजवणे, असा दिनक्रम. हे तरुण बीबॉप या नव्या, तुटक आणि अवघड जॅझवर पोसलेले होते. जँगोला त्यांच्यात म्हातारा ठरायचे नव्हते. त्याने सेल्मरलाच विजेचा पिकअप जोडला आणि वादन नव्याने बांधले.

मार्च १९५३ मध्ये त्याने ‘न्वाज’ पुन्हा रेकॉर्ड केली. १९४० ची आणि ही, दोन्ही एकापाठोपाठ ऐकण्यासारख्या आहेत. सुरुवातीला तो एकटाच ठेक्याशिवाय वाजवतो. मग बाकीचे हलकेच येतात. विजेमुळे स्वर आता लांबतो, म्हणून घाव सौम्य झाला आहे. जिथे पूर्वी तो स्वर विरायच्या आत पुढचा आणून ठेवायचा, तिथे आता एकच स्वर धरून कंपाने भरतो. बोटे तीच दोन. ज्यांना १९३० च्या दशकातला जँगोच तेवढा प्रिय आहे, ते या रेकॉर्डकडे फिरकत नाहीत. त्यांचे नुकसान आहे.

त्या वसंतात त्याचे डोके दुखत असे, बोटे बधिर होत. डॉक्टरांवर आणि सुयांवर त्याचा विश्वास नव्हता, तपासायला तो गेला नाही. १६ मे १९५३ रोजी पॅरिसमध्ये वाजवून तो रेल्वेने परतला, आव्हाँ स्थानकावरून गावाकडे चालत निघाला आणि घराजवळ कोसळला. शनिवार होता, डॉक्टर यायला फार वेळ गेला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. फाँतेनब्लोच्या रुग्णालयात त्याचे निधन झाले.

बारा वर्षांनी, १९६५ मध्ये, इंग्लंडच्या बर्मिंगहॅममध्ये पत्र्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या सतरा वर्षांच्या टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके यंत्रात तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. गिटार सोडायच्या विचारात असलेल्या या मुलाला कारखान्याच्या व्यवस्थापकाने एक रेकॉर्ड आणून ऐकवली, आणि ती वाजून संपल्यावर वादकाच्या बोटांची हकिकत सांगितली. ती रेकॉर्ड जँगोची होती. आयोमीने वितळवलेल्या प्लास्टिकची टोपणे करून बोटांना बसवली, तारा सैल केल्या आणि पुढे ‘ब्लॅक सॅबाथ’ या बँडचा तो जड, खोल आवाज घडवला. जँगोच्या संगीताशी त्याचे काडीचेही साम्य नाही.

साम्वा गावात १९६८ मध्ये त्याच्या स्मरणार्थ पहिला महोत्सव झाला, नंतर तो दरवर्षीचा झाला. मानुश रिवाजाप्रमाणे जँगोच्या मृत्यूनंतर त्याच्या वस्तू जाळून टाकल्या गेल्या, असे सांगतात. एक गिटार मात्र राहिली. ५०३ क्रमांकाची ती सेल्मर नागिनने १९६४ मध्ये पॅरिसच्या संगीत संग्रहालयाला दिली. ती तिथे आहे.